करार आणि संस्कार

विवाह हा करार की संस्कार, हा प्रश्न आपल्या न्यायालयांपुढे वारंवार येतो. त्याचे उत्तर देताना मुसलमानांचा निकाह पहिल्या वर्गात आणि हिंदू व ख्रिस्ती विवाह दुसऱ्या वर्गात घालण्याचा प्रघात पडून गेला आहे. या विभागणीत तथ्य आहे, तथापि ती पुरेशी नाही. करार म्हणताच मनात बाजारातील देवघेव उभी राहते आणि संस्कार म्हणताच पावित्र्याची भावना जागी होते. मग एका समाजात विवाह हा केवळ व्यवहार असतो व दुसऱ्यात तो केवळ धर्मकृत्य असतो, असा समज दृढ होतो. प्रस्तुत प्रकरणात या दोन शब्दांमागे स्त्रीपुरुषसंबंधांविषयीची कोणती कल्पना आहे, आणि विवाह मोडण्याची वेळ आली म्हणजे तिचे काय होते, याचा विचार करावयाचा आहे.

या विचारासाठी बंगळूर शहराचे उदाहरण सोयीचे आहे. तेथील शिवाजीनगरात रसेल मार्केटच्या परिसरात सेंट मेरी बॅसिलिका आणि जुन्या मशिदी एकमेकींच्या हाकेच्या अंतरावर आहेत. मल्लेश्वरममधील सेंट पीटर्स संस्थेत लॅटिन परंपरेचे चर्चचे धर्मविधान शिकविले जाते, तर धर्माराम येथे केरळच्या पौर्वात्य ख्रिस्ती परंपरेचे. सबीलुर्रशाद या अरबी विद्यालयात फिकह, म्हणजे इस्लामी विधिशास्त्र, शिकविले जाते. आणि सिद्धय्या मार्गावरील ‘न्याय देगुल’ या इमारतीत जे कौटुंबिक न्यायालय आहे, तेथे या सर्व परंपरांतील मोडकळीस आलेले संसार अखेरीस एकाच प्रकारच्या अर्जांच्या रूपाने दाखल होतात.

अशाच एका संसाराची हकीकत कर्नाटक उच्च न्यायालयाच्या ऑक्टोबर २०२१ मधील निकालात आली आहे. बंगळूरच्या एका मुसलमान गृहस्थाने विवाहानंतर काही महिन्यांतच, १९९१ साली, पत्नीस तलाक दिला. मेहेर ५,००० रुपये ठरला होता. पुढे त्याने दुसरा विवाह केला व त्यास अपत्यही झाले. पहिल्या पत्नीने २००२ साली पोटगीचा दावा लावला. कौटुंबिक न्यायालयाने तिला दरमहा ३,००० रुपये देण्याचा हुकूम केला. पतीचे म्हणणे असे की, निकाह हा करार असल्यामुळे तो संपताच देणे संपले. मेहेर आणि इद्दतीच्या काळातील खर्च यांपलीकडे त्याच्यावर कोणतेही बंधन उरत नाही. न्यायमूर्ती कृष्ण दीक्षित यांनी हे म्हणणे फेटाळले आणि पतीस २५,००० रुपयांचा खर्चही भरावयास लावला. निकाह हा करार आहे, हिंदू विवाहासारखा संस्कार नाही, हे त्यांनी मान्य केले. परंतु त्या कराराला अर्थाच्या अनेक छटा आहेत, आणि तो संपला तरी त्यातून उत्पन्न झालेली काही कर्तव्ये मागे उरतात, असा निर्वाळा दिला. निराधार झालेल्या घटस्फोटितेचा निर्वाह करणे हे धर्मशील मुसलमानाचे कर्तव्य इस्लामनेच सांगितले आहे, असेही त्यांनी दाखवून दिले.

वास्तविक साध्या व्यवहारातही हेच घडते. भाडेकरार संपला म्हणजे घरमालकाला अनामत रक्कम परत करावीच लागते. ‘करार’ या शब्दाचा आधार घेऊन जबाबदारी झटकणाऱ्या पतीला कराराचा अर्थ पुरता समजला नव्हता, असेच म्हणावे लागेल. तलाकापासून निकालापर्यंत ३० वर्षे लोटली, ही गोष्ट मात्र कोणत्याही युक्तिवादाने पुसली जाणारी नाही.

इस्लामी विधिशास्त्रात निकाहाचे स्वरूप अगदी सुटसुटीत आहे. एका पक्षाचा प्रस्ताव, दुसऱ्याची स्वीकृती, साक्षीदार आणि मेहेर, एवढ्यावर विवाह सिद्ध होतो. काझी उपस्थित असतो, पण त्याच्यावाचून निकाह अडत नाही. मेहेर ही वधूच्या पित्याला द्यावयाची किंमत नव्हे. ती खुद्द वधूची मालमत्ता असते. तिचा काही भाग मागताक्षणी देय असतो आणि काही भाग तलाक किंवा मृत्यू यांच्या वेळी. या दुसऱ्या भागाचा हेतू उघड आहे: पतीने उतावळेपणाने तलाक देऊ नये आणि दिलाच तर स्त्रीच्या हाती काही असावे. परंतु हा हेतू साधण्यास रक्कम भारी असावी लागते. विवाह ठरविताना वधूपक्षाची बाजू दुबळी असते व म्हणून मेहेर बहुधा तुटपुंजा ठरतो, हे न्यायालयानेही उपरोक्त निकालात नोंदविले आहे. दक्षिणेतील मुसलमानांत याच्या उलट दिशेने वाहणारा एक प्रवाह आहे. ‘जोडे की रक्कम’ या नावाने वरास पैसे देण्याची चाल येथे रूढ आहे. शास्त्राने वराकडून वधूकडे जावयास सांगितलेला पैसा रूढीने वधूकडून वराकडे नेला. मंगळूरकडील कॅथलिक कुटुंबांत याच प्रकारच्या देण्याला ‘दोत’ असे पोर्तुगीज वळणाचे नाव आहे. म्हणजे हुंड्यापुरते तरी दोन्ही धर्मांचे अनुयायी धर्मग्रंथांपेक्षा शेजाऱ्यांचेच अधिक ऐकतात. दागिन्यांतही हेच दिसते. दख्खनी मुसलमान विवाहिता काळ्या पोतीचा लच्छा घालते, मंगळूरची कॅथलिक स्त्री करिमणी घालते आणि तमिळ कॅथलिक वधूच्या गळ्यात चर्चमध्ये धर्मगुरूने आशीर्वादिलेली ताली बांधली जाते. आपल्याकडील मंगळसूत्राच्या या बहिणी ओळखण्यास वाचकाला अडचण पडू नये.

आता शरीराविषयीच्या दृष्टीकडे वळू. येथे दोन्ही परंपरांतील अंतर खरोखरच मोठे आहे. इस्लामने संन्यस्त ब्रह्मचर्याला आदर्शाचे स्थान दिले नाही. पैगंबर स्वतः विवाहित होते आणि विवाह हा त्यांच्या आचाराचाच, म्हणजे सुन्नतीचा, भाग मानला गेला. विवाहाबाहेरील संबंध हे महापातक. विवाहातील कामसुख मात्र ईश्वराची देणगी. पतिपत्नींना परस्परांच्या वस्त्रांची उपमा कुराणात दिलेली आहे. ११११ साली निवर्तलेला धर्मज्ञ गझाली याने आपल्या महाग्रंथात विवाहाच्या शिष्टाचारावर एक संपूर्ण प्रकरण लिहिले आहे. पत्नीच्या तृप्तीकडे दुर्लक्ष करणाऱ्या पतीला तो स्पष्ट शब्दांत दोष देतो. गर्भधारणा टाळण्याच्या ‘अझल’ या उपायालाही तो निषिद्ध मानीत नाही. बाळंतपणाचा धोका किंवा अनेक मुलांच्या पोषणाचा भार ही कारणे त्याला समजण्यासारखी वाटतात. नवव्या शतकाच्या आसपास स्थिरावलेल्या विधिशास्त्रात अनेक आचार्यांनी या उपायासाठी पत्नीची संमती आवश्यक मानली, ही गोष्ट आजच्या वाचकाला विशेष वाटेल.

ख्रिस्ती परंपरेचा आरंभ याहून वेगळ्या ठिकाणी होतो. येशू अविवाहित होता व पौलही एकटाच राहत असे. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात पौलाने अविवाहित राहणे श्रेयस्कर मानले आहे; मात्र ज्याला ते जमत नाही त्याने विवाह करावा, त्यात पाप नाही, असे तो म्हणतो. याच अध्यायात आणखी एक विधान आहे आणि त्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. पतीचा पत्नीच्या देहावर जसा अधिकार, तसाच पत्नीचा पतीच्या देहावर, असे पौल सांगतो. रोमन साम्राज्याच्या समाजात ही समानता धाडसाची होती. पुढे ऑगस्टीनने विवाहाची तीन श्रेये सांगितली: संतती, निष्ठा आणि अभेद्य बंधन. परंतु कामवासनेकडे पाहण्याची त्याची दृष्टी संशयाची राहिली व तिची छाया पाश्चात्त्य ख्रिस्ती विचारावर दीर्घकाळ पडली. प्रॉटेस्टंट सुधारकांनी धर्मगुरूंच्या ब्रह्मचर्याचे बंधन झुगारले. मार्टिन लूथरने १५२५ साली एका माजी जोगिणीशी विवाह केला. त्यांनी विवाहाला संस्कारांच्या यादीतूनही वगळले. तेव्हा ‘ख्रिस्ती विवाह हा संस्कार आहे’ हे सरसकट विधान कॅथलिक व पौर्वात्य पंथांपुरतेच खरे आहे, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

संततिनियमनाच्या प्रश्नावर ही पंथभिन्नता विसाव्या शतकात ठळक झाली. अँग्लिकन धर्माध्यक्षांच्या १९३० च्या लँबेथ परिषदेने काही मर्यादांसह कृत्रिम उपायांना वाट मोकळी केली. पोप सहावे पॉल यांनी मात्र १९६८ च्या परिपत्रकाने ती बंद ठेवली व ऋतुचक्रावर आधारलेल्या नैसर्गिक पद्धतीलाच अनुमती दिली. त्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेने एका नैसर्गिक पद्धतीची जी पंचकेंद्री चाचणी घेतली, तिच्या पाच केंद्रांत ऑकलंड, डब्लिन व मनिला यांच्या जोडीला बंगळूरही होते. १९८१ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रोममधील एक धर्मनिर्णय आणि बंगळूरमधील स्त्रियांनी रोज ठेवलेल्या नोंदी यांचा असा संबंध आला.

इतके अंतर असूनही ‘करार’ आणि ‘संस्कार’ ही नावे दोन्हीकडे जितकी चपखल वाटतात, तितकी ती नाहीत. कॅथलिक धर्मविधानाची १९१७ ची संहिता विवाहाला करारच म्हणते. बाप्तिस्मा घेतलेल्या दोघांमधील हाच करार ख्रिस्ताने संस्काराच्या पदवीस नेला, अशी तिची मांडणी आहे. १९८३ च्या नव्या संहितेने ‘प्रीतीचा व जीवनाचा पवित्र बंध’ या अर्थाच्या कल्पनेला अग्रस्थान दिले, तरी कराराची भाषा तीतही शिल्लक आहे. विवाह सिद्ध होतो तो वधूवरांच्या संमतीने, आणि लॅटिन परंपरेत धर्मगुरू हा त्या संमतीचा अधिकृत साक्षीदार असतो. १५६३ साली ट्रेंटच्या परिषदेने धर्मगुरू व दोन साक्षीदार आवश्यक ठरविले, ते चोरून केलेल्या विवाहांना आळा घालण्यासाठी. उलटपक्षी, कुराणाच्या चौथ्या अध्यायात विवाहाला ‘मीसाक’, म्हणजे दृढ वचन, असे म्हटले आहे, आणि ईश्वराने पैगंबरांकडून घेतलेल्या वचनालाही कुराणात हाच शब्द वापरलेला आहे. तेव्हा करारात पावित्र्य आहे आणि संस्कारात करार आहे. भेद आहे तो दुसऱ्याच ठिकाणी: दार उघडण्याची किल्ली कोणाकडे असते?

इस्लामी विधिशास्त्राने ती पतीच्या हाती दिली. पत्नीसाठी खुला, म्हणजे काही मोबदला देऊन मुक्तता, आणि काझीकडून विच्छेद हे मार्ग ठेवले. पण भारतात प्रचलित असलेल्या हनफी शाखेत काझीचे मार्ग फारच अरुंद होते. कुराणाने दोन्ही कुटुंबांतील एकेक मध्यस्थ नेमण्यास सांगितले आहे व तलाकासाठी प्रतीक्षेचा काळ लावून दिला आहे. तरीही एका दमात तीनदा उच्चारलेला तलाक निंद्य पण वैध, ही विचित्र स्थिती शतकानुशतके टिकली. तिच्याविरुद्ध १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुसलमान स्त्रियांना घेऊन हमीद दलवाई यांनी मुंबईत विधानभवनावर मोर्चा नेला, हे मराठी वाचकाला सांगावयास नको. त्या मागणीला सर्वोच्च न्यायालयाकडून होकार मिळण्यास २२ ऑगस्ट २०१७ हा दिवस उजाडावा लागला. दरम्यान १९८५ चा शाहबानो निकाल, १९८६ चा कायदा, त्या कायद्याचा स्त्रियांना अनुकूल अर्थ लावणारा २००१ चा निकाल अशी वळणे आली, आणि जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुसलमान घटस्फोटितेला सर्वसाधारण फौजदारी कायद्याखालीही पोटगी मागता येते हे पुन्हा स्पष्ट केले.

कॅथलिक धर्मविधानाने ही किल्ली कोणालाच दिली नाही. परंतु भारतीय ख्रिस्ती स्त्रीला अधिक छळले ते धर्मविधानापेक्षा ब्रिटिश सरकारच्या १८६९ च्या घटस्फोट कायद्याने. तो १८५७ च्या इंग्लंडमधील कायद्यावर बेतला होता. पत्नीचा व्यभिचार सिद्ध झाला की पतीला घटस्फोट मिळे. पत्नीला मात्र पतीचा व्यभिचार पुरेसा नव्हता. त्याच्या जोडीला क्रूरता, परित्याग किंवा असाच दुसरा अपराध सिद्ध करावा लागे. हा भेद इंग्लंडने १९२३ साली रद्द केला. भारतात तो त्यानंतर ७८ वर्षे राहिला. ज्या देशाने हा नियम आपल्यावर लादला, त्यानेच तो टाकून दिल्यावर आपण तो इतका काळ सांभाळून ठेवला, याचे कारण संसदेने दिलेले नेहमीचे उत्तर होते: समाजाकडून मागणी यावी. मागणी तर होत होती. केरळ उच्च न्यायालयाने १९९५ मध्ये व मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने १९९७ मध्ये ही विषमता घटनाबाह्य ठरविली, आणि २००१ साली संसदेने कायदा सुधारला. परस्परसंमतीने घटस्फोटाची सोय तेव्हा प्रथमच झाली. पण इतर धर्मीयांना एक वर्ष विभक्त राहणे पुरते, तेथे ख्रिस्ती दांपत्याला दोन वर्षे लावली गेली. केरळ उच्च न्यायालयाने २०१० मध्ये हा काळ एक वर्षावर आणला. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेवर उभा असलेला कौटुंबिक कायदा सर्वांना लागू असल्यामुळे तेथील कथा निराळी आहे. तिच्यात येथे शिरावयास नको.

दारे बंद असली की माणसे भिंत ओलांडतात. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत पंजाबात अनेक मुसलमान स्त्रियांनी निकाहातून सुटण्यासाठी धर्मांतर जाहीर केले. पत्नीने इस्लामचा त्याग केला की निकाह आपोआप तुटतो, असा तेव्हाचा नियम होता, आणि त्यासाठी मिशनऱ्यांचे दार जवळचे होते. कवी इक्बाल यांनी आपल्या व्याख्यानांत या घटनांचा उल्लेख केला आहे. देवबंद परंपरेतील मौलाना अशरफ अली थानवी यांनी १९३१ मध्ये ग्रंथ लिहून मालिकी शाखेचे अधिक उदार नियम स्वीकारण्याचा मार्ग दाखविला. त्यातून १९३९ चा मुस्लिम विवाहविच्छेद कायदा आला. बेपत्ता पती, दोन वर्षे निर्वाह न करणे, क्रूरता इत्यादी कारणांवर स्त्रीला न्यायालयात जाता येऊ लागले आणि त्याच वेळी, केवळ धर्मत्यागाने निकाह तुटणार नाही, अशी तरतूदही झाली. म्हणजे पळवाट बुजविली, पण दरवाजा बसवून. पुरुष याच भिंतीवरून उलट दिशेने गेले: पहिली पत्नी असता दुसरी करण्यासाठी इस्लाम स्वीकारणाऱ्या हिंदू पतींचा दुसरा विवाह १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निरर्थक ठरविला.

धर्मांतर प्रामाणिक असले तरी विवाहापुढे प्रश्न उभा राहतोच. अश्रद्ध जोडीदार सोडून गेला तर श्रद्धावान मुक्त आहे, या पौलाच्या वचनाच्या आधाराने १८६६ साली ख्रिस्ती झालेल्या एतद्देशीयांसाठी विवाहविच्छेदाचा कायदा करण्यात आला. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या; त्या कायद्याचा आधार घेण्याची पाळी मात्र त्या घरात आली नाही. आणखी एक अडचण मिश्रविवाहांची. मुसलमान पुरुषाला ग्रंथधारी, म्हणजे ख्रिस्ती वा यहुदी, स्त्रीशी निकाह लावण्यास शरीयतीची अनुमती आहे. मुसलमान स्त्रीला पारंपरिक विधिशास्त्र ती देत नाही. कॅथलिक चर्च बिशपांच्या विशेष परवानगीने असा विवाह मान्य करते. परंतु १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे, एक पक्ष ख्रिस्ती असला तरी विवाह त्या कायद्याच्या रीतीनेच लागला पाहिजे. त्यामुळे शरीयतीस मान्य असलेला निकाह या कसोटीस उतरत नाही, आणि सुज्ञ जोडपी १९५४ च्या विशेष विवाह कायद्याची वाट धरतात. तेथे ३० दिवसांची जाहीर सूचना असते. घरच्यांच्या विरोधात विवाह करणाऱ्यांना हे ३० दिवस फार लांब वाटतात.

राहता राहिला कॅथलिकांचा एक प्रश्न, आणि तो कर्नाटकात विशेष चर्चिला गेला. चर्च घटस्फोट देत नाही. परंतु विवाह मुळातच सिद्ध झाला नव्हता, असा निर्णय चर्चचे न्यायपीठ देऊ शकते. संमती दबावाखाली दिली होती, फसवणूक झाली होती, किंवा विवाहाची जबाबदारी पेलण्याची मानसिक पात्रताच नव्हती, अशी त्याची कारणे असतात. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये ही प्रक्रिया सुलभ केली आणि दुसऱ्या न्यायपीठाकडून निर्णयाची पुष्टी घेण्याचे बंधन काढले. मात्र सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच ठरविले होते की, असा निर्णय दिवाणी कायद्यापुढे विवाह संपवीत नाही. दक्षिण कन्नडमधील कॅथलिक संघटनेच्या एका माजी अध्यक्षांनी त्याला मान्यता मागणारी याचिका केली होती. ती जानेवारी २०१७ मध्ये फेटाळली गेली. मुसलमानांच्या तलाकाला कायदा ओळखतो, मग चर्चच्या निर्णयाला का नाही, असा त्यांचा प्रश्न होता. प्रश्न तर्कदृष्ट्या बिनतोड दिसतो, पण ज्या तलाकाचा दाखला द्यावयाचा, त्यावरच त्या सुमारास न्यायालयात घाव पडत होते.

परिणामी, चर्चकडून मुक्तता मिळालेली व्यक्ती त्या कागदाच्या भरवशावर पुनर्विवाह करील तर द्विभार्या वा द्विपती प्रतिबंधक कायद्याच्या कचाट्यात सापडू शकते. आणि न्यायालयाकडून घटस्फोट घेतलेली व्यक्ती चर्चच्या दृष्टीने विवाहितच राहते. बंगळूरच्या कॅथलिक स्त्रीला म्हणून दोन ठिकाणी जावे लागते. चर्चच्या न्यायपीठापुढे तिला मुख्यतः विवाहापूर्वीचे व विवाहसमयीचे विचारतात: होकार कोणी, कोणत्या परिस्थितीत दिला, काय लपविले गेले. सिद्धय्या मार्गावर तिला त्यानंतरचे विचारतात: मारहाण केव्हा झाली, घर केव्हा सोडले, पैसे केव्हा थांबले. साक्षीदार बहुधा तेच असतात, आणि एकदा आपल्या भावंडांना व शेजाऱ्यांना घेऊन सर्व सांगून झाल्यावर तेच दुसऱ्या टेबलापुढे, दुसऱ्या शब्दांत, पुन्हा सांगावे लागते.